पहिलं बरं, की दुसरं?

रविवारी सकाळी अकरा वाजता अर्धं शटर खाली ओढून सगळं घर चष्म्याच्या दुकानात जमलं, तेव्हाच धाकटीला कळून चुकलं की आज हा फॉर्म भरून होत नाही. जे काम एकटा माणूस दहा मिनिटांत उरकेल, ते तिच्या माहेरच्यांनी मिळून करायला घेतलं की त्याचं काय होतं, हे तिने दुकानाच्या पाटीच्या वेळी पाहिलं होतं. निळी की हिरवी, या वादात ती पाटी सात महिने कोरीच भिंतीला टेकून उभी होती, आणि शेवटी तिच्या वडिलांनी, नानांनी, ती कुणाला न विचारता पांढरी करून टाकली. फॉर्मला सात महिने नव्हते. उद्या साडेआठला तो शाळेच्या समुपदेशकबाईंच्या टेबलावर हवा होता. त्यात काय लिहिलंय ते वाचून बाई ठरवणार होत्या, की नव्या सत्रात धाकटीची मुलगी बिट्टी आपल्या वर्गात राहणार की मागच्या इमारतीतल्या ‘वेगळ्या तुकडी’त जाणार. त्या तुकडीतून पुढच्या इमारतीत परत आलेलं एकही मूल धाकटीला सापडलं नव्हतं, आणि तिने चौकशी काही कमी केली नव्हती.

बिट्टी आठ वर्षांची. तिला येत नाही असं शाळेचंही म्हणणं नव्हतं. वर्गशिक्षिकेने प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं, ‘उत्तर बरोबर असतं, पण घंटा झाल्यावर येतं.’ या वाक्यावर हसावं की रडावं ते न कळून धाकटीने दोन्ही करून पाहिलं होतं.

“वाच पुढचा,” ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा इमारतींचे नकाशे काढायचा. त्याने कानामागची पेन्सिल काढली, टोक पाहिलं, मग फॉर्म काउंटरच्या काचेवर सरळ करून ठेवला. “प्रश्न नववा. मूल एखादी गोष्ट निवडताना, अ, लगेच निवडतं. ब, विचार करून निवडतं. क, निवडू शकत नाही.” तो थांबला. “आता तसं म्हटलं तर हे...”

“ब लिही.”

“पण मागे चपला घेताना ती...”

“चपला सोड. ब.”

“नाही, म्हणजे ब म्हटलं की त्याचा अर्थ, दर वेळी ब. आणि दर वेळी काही...”

“अरे, तू स्वतः क आहेस!” धाकटीचा आवाज चढला. “बाथरूमच्या फरशीला तू अकरा रविवार घेतलेस! मी कुणाला विचारतेय, आणि कशाबद्दल!”

काउंटरपलीकडे फ्रेमा पुसत बसलेली वहिनी न बघता म्हणाली, “राग मानू नकोस हं, पण पोरगी तुझ्यावर गेली नाही, एवढं खरं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. बापावर गेली असेल. नाहीतर मामावर.”

आता मामा मध्ये आला. मामा म्हणजे दादा, धाकटीपेक्षा सात वर्षांनी मोठा, आणि गेली वीस वर्षं दुकान चालवणारा, म्हणजे नाना सांगतील तसं चालवणारा. तो एका चष्म्याच्या काडीचा स्क्रू बसवत होता. त्याने मान वर केली नाही. “माझं नाव कशाला घेताय,” एवढंच म्हणाला.

असं आठ प्रश्न चाललं होतं. ‘मूल नव्या माणसांत मिसळतं का’ या प्रश्नात वहिनीच्या माहेरचा उद्धार होऊन गेला होता. ‘मूल चिडल्यावर काय करतं’ याला सगळ्यांनी एकाच वेळी धाकटीकडे पाहिलं होतं. प्रत्येक प्रश्न पोरीबद्दल होता आणि प्रत्येक उत्तर कुणातरी मोठ्याच्या अंगावर जात होतं. कोपऱ्यातल्या स्टुलावर धाकटीची आई, माई, बसली होती, हातात चहाचा रिकामा कप घेऊन. ती दर पाच मिनिटांनी म्हणायची, “जाऊ दे ना, ज्याचा त्याचा स्वभाव,” आणि त्याने कुणाचंच काही जात नव्हतं.

धाकटी कुरियर कंपनीत गाड्या लावायची. अठरा गाड्या, दिवसाला नऊशे पार्सलं. फोन कानाला, पेन तोंडात, आणि कुणी विचारायच्या आत उत्तर तयार. साहेब नव्या माणसांना तिच्या टेबलाशी आणून उभं करायचा, ‘बघा, निर्णय असा घ्यायचा.’ तिला त्यात नवल वाटायचं नाही. ती दहा वर्षांची असल्यापासून अशीच होती. पडद्यामागच्या अंधाऱ्या खोलीत नानांनी तिला खुर्चीत बसवलं होतं, नाकावर ती जड काळी चाचणीची फ्रेम ठेवली होती, आणि एकामागून एक भिंगं घालत विचारलं होतं, “पहिलं बरं, की दुसरं?” ती पटापट सांगत सुटली, “दुसरं. पहिलं. दुसरं. दुसरं.” नानांनी हातातलं भिंग खाली ठेवलं आणि माईला हाक मारली होती, “ऐकलंस का? ही एका नजरेत सांगते!” तिच्या आधी दादाला बसवायचे तेव्हा तो म्हणायचा, “नीट कळलं नाही, नाना,” आणि नाना त्याला ठोंब्या म्हणायचे. ठोंब्या काय आणि एका नजरेत सांगणारी काय, दोघांच्याही अंगाला ती नावं चिकटली ती चिकटलीच.

घरात एक नियम होता. घरच्या माणसाला मशीनसमोर बसवायचं नाही. दादाने तीन वर्षांपूर्वी नंबर काढायचं संगणकी मशीन आणलं, ते गिऱ्हाइकांसाठी. घरची माणसं दर वाढदिवसाला नानांच्या खुर्चीत बसायची आणि नाना हाताने नंबर काढायचे, पंचावन्न वर्षं काढत आले तसा. म्हणूनच आज फॉर्मचं डोळे तपासणीचं पान दुसरीकडे कुठे जायचा प्रश्न नव्हता. कानाचं पान एका डॉक्टरने शुक्रवारी दोन मिनिटांत भरून दिलं होतं. डोळ्यांच्या पानासाठी बिट्टी आणि नाना तासभर पडद्याआड होते.

पडदा सरकला. पुढे नाना, मागे बिट्टी, बिट्टीच्या नाकावर चाचणीच्या फ्रेमचे लाल वळ.

“डोळे ठणठणीत आहेत,” नानांनी पान काउंटरवर आपटलं. “नंबर नाही, काही नाही. डोक्याचं मात्र शाळा म्हणते ते खरं आहे.”

धाकटीने पान ओढून घेतलं. खाली तीन चौकोन होते. मुलाचा प्रतिसाद: तत्पर, सावकाश, अनिश्चित. तिसऱ्या चौकोनात नानांच्या शाईची ठसठशीत खूण होती, खाली सही, सहीवर दुकानाचा शिक्का.

“नाना, हे काय केलंत?”

“जे दिसलं ते लिहिलं. पन्नास वेळा ‘परत दाखवा.’ पन्नास वेळा ‘सारखंच दिसतं.’ अगं, भिंग बदललं की काहीतरी फरक पडणारच ना? गिऱ्हाइकं येतात, अडाणी माणसंसुद्धा सांगतात. हिला सांगता येत नाही.”

“पण तुम्हाला माहितीये या पानावर काय ठरणार आहे!”

“मग खोटं लिहू? माझ्या सहीने?” नानांनी डोळे चोळले. “हा दादा असाच होता. ‘कळलं नाही, कळलं नाही.’ काय झालं त्याचं? आजही फ्रेमांची ऑर्डर मला विचारून देतो.”

दादाच्या हातातला स्क्रू निसटून काचेवर टकटक करत गेला. त्याने तो शोधला आणि चिमट्यात धरला. वहिनी मात्र आता फ्रेम पुसायची थांबली होती.

“वर जातो मी. डोकं धरलंय,” नाना म्हणाले, आणि जिन्याने वर निघून गेले. त्यांची पावलं मोजल्यासारखी ऐकू येत राहिली.

खाली सगळ्यांना एकदम कंठ फुटला. नवरा म्हणाला, “तसं ‘अनिश्चित’ हा शब्द काही अगदीच...” धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की वाक्य तिथेच विझलं. वहिनी म्हणाली, दादा नवं पान भरून देईल, सही करायला त्यालाही येते. दादा म्हणाला, नानांनी सही केल्यावर मी कशी करणार. वहिनी म्हणाली, तेच म्हणतेय मी वीस वर्षं, तुम्ही कशी करणार. माई म्हणाली, जाऊ दे ना. आणि इतका वेळ स्वतःबद्दलची ही सगळी चर्चा ऐकत उभी असलेली बिट्टी म्हणाली, “आई, आजोबांनी तेच भिंग दोनदा घातलं.”

“काय?”

“तेच. काढलं, आणि तेच परत घातलं. दोनदा केलं त्यांनी असं. म्हणून मी ‘सारखंच’ म्हटलं. मग वाटलं, माझंच चुकलं असेल, म्हणून ‘परत दाखवा’ म्हटलं.”

धाकटीने कपाळाला हात लावला. “बिट्टी, आजोबा हे काम तू, मी, कुणीच नव्हतो तेव्हापासून करतात.”

“पण तेच होतं.”

“अगं, दिसलं असेल तसं. ‘पहिलं’ म्हणून टाकायचं. नाहीतर ‘दुसरं’. काहीतरी सांगायचं! गप्प बसलं की लोकांना वाटतं येत नाही, कळतंय का तुला? कितीदा सांगितलं!”

“पण कळलं नसताना कसं सांगायचं?”

“सांगायचं! मी नाही का सांगत?”

बिट्टीने जरा विचार केला. तो तिचा नेहमीचा विचार होता, ज्यात समोरच्या माणसाचं वय वाढतं. मग ती म्हणाली, “तू बस. मी दाखवते कसं झालं ते.”

धाकटी बसली, ती केवळ पोरीला एकदाचं दाखवून द्यावं म्हणून, की हे किती सोपं असतं. पडदा उघडाच होता. दादाने तिचा चष्मा उतरवून घेतला आणि तिच्या नंबराची भिंगं घालून काळी फ्रेम तिच्या नाकावर ठेवली. बिट्टी स्टुलावर चढली, आणि भिंगांच्या पेटीतून एक भिंग दांडीला धरून तिने फ्रेमच्या पुढच्या खाचेत सरकवलं. समोरच्या तक्त्यावर अक्षरं होती, खालच्या ओळी मुंग्यांसारख्या.

“हे पहिलं.” भिंग निघालं. धाकटीच्या कानाशी खुडखुड झाली. भिंग बसलं. “हे दुसरं. पहिलं बरं, की दुसरं?”

“दुसरं,” धाकटी म्हणाली. पोरीचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता.

“नक्की?”

“नक्की. दुसऱ्यात अक्षरं काळी दिसली. बघितलंस? एवढंच असतं.”

“आई, तेच होतं.”

“काय तेच?”

“दोन्ही वेळा तेच भिंग. मी पेटीत ठेवलंच नाही. मामाला विचार.”

धाकटीने फ्रेमच्या कडेने दादाकडे पाहिलं. दादा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा असा झाला होता, जसा तो लहानपणी खुर्चीतून उतरल्यावर व्हायचा.

“तेच होतं, धाकटे,” तो म्हणाला.

“मग मला काळी दिसली ती?”

“दिसली नाहीत. तू सांगितलंस.”

ती चिडायला निघाली होती. शब्दही जिभेवर आले होते. पण चिडायचं कुणावर ते सापडेना. बिट्टीवर चिडावं तर पोरीने फक्त भिंग काढून घातलं होतं. तिने फ्रेम उतरवली. अठरा गाड्या, नऊशे पार्सलं, आणि ‘बघा, निर्णय असा घ्यायचा.’

“परत कर,” ती म्हणाली. “नीट कर. तू कर, दादा.”

दादाने खुर्चीकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि मग त्या माणसाने, ज्याने पाटीच्या रंगावर सात महिन्यांत एकदाही मत दिलं नव्हतं, मशीनवरचं कापड बाजूला काढलं. “इकडे ये,” तो म्हणाला. “हनुवटी टेकव.”

“घरच्या माणसाला...” माई म्हणाली.

“माहितीये, माई.”

मशीनच्या आत एक लांब सरळ रस्ता होता आणि त्याच्या टोकाला रंगीत फुगा. इथे कुणी काही विचारत नव्हतं. फुगा धूसर झाला, लख्ख झाला, पुन्हा धूसर झाला, आणि मशीनने घशातून खर्र करून कागदाची चिठ्ठी बाहेर टाकली. दादाने तिचा चष्मा दुसऱ्या यंत्रावर ठेवून नंबर वाचला, चिठ्ठी वाचली, पुन्हा चष्मा ठेवला.

“काय आहे?”

“तुझा चष्मा उणे तीनचा. डोळा सव्वादोनचा. दोन्हीकडे पाऊण नंबर जास्त आहे. आणि आडव्या नंबराचा, सिलिंडरचा, कोन वीस अंश फिरलाय.”

“कधीपासून?”

“नाना मागच्या नंबरावरूनच पुढचा काढतात ना. बहुतेक पहिल्यापासूनच.”

“म्हणजे एकोणतीस वर्षं?”

“संध्याकाळचं डोकं दुखतं का तुझं?” दादाने विचारलं, आणि वहिनी न राहवून हसली. कारण धाकटीला पाचनंतर फोन करायचा नाही, हा या घराचा दुसरा नियम होता. ती तापट होती, सगळ्यांनी मान्य केलेली तापट. तिच्या लग्नात नानांनी व्याह्यांना तशी आगाऊ कल्पनाही दिली होती. पाच वाजले की तिच्या कपाळात ठणका सुरू व्हायचा आणि तिला वाटायचं, हा आपला स्वभावच आहे.

“राग सगळाच नंबराचा नसतो हं,” वहिनी म्हणाली. “थोडा तुझाही असेल.”

नवरा जवळ आला. त्याने चिठ्ठी हातात घेतली, दोनदा वाचली, आणि घाई न करता म्हणाला, “तू पायऱ्या उतरताना कठडा का धरतेस, असं मला बारा वर्षं विचारायचं होतं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू लगेच काहीतरी सांगितलं असतंस.”

माई स्टुलावरून उठली होती. “तो पहिला चष्मा लागला तेव्हा आठ दिवस तू जिन्यावर पाय चाचपत उतरायचीस,” ती म्हणाली. “मला दिसत होतं.”

“माई! आणि तू बोलली नाहीस?”

“बोलले असते तर त्यांनी तुला परत खुर्चीत बसवलं असतं. आधीच तू तपासणीच्या आदल्या दिवशी जेवत नव्हतीस. मी म्हटलं, होईल सवय.” माईने कप काउंटरवर ठेवला. “झाली की सवय.”

धाकटीला ओरडावंसं वाटलं. सगळ्या जगाने सगळं पाहिलं होतं. माईने पाय पाहिले, नवऱ्याने कठडा पाहिला, आणि तिने स्वतः काय पाहिलं? तिने पोरीला महिनाभर रोज घड्याळ लावून बसवलं होतं, दहा प्रश्न, दहा मिनिटं, ‘सांग, पटकन सांग, काहीही सांग.’ परवा बिट्टी ताटावरून तशीच उठली होती. पोट दुखतंय म्हणाली होती. ते धाकटीला आत्ता आठवलं.

जिना वाजला. नाना अर्ध्या जिन्यावर थांबले. उघडं मशीन, चिठ्ठी, धाकटीच्या डोळ्यांवर चष्मा नाही. त्यांना सांगावं लागलं नाही.

“कुणी बसवलं तिला?”

कुणीतरी दुसरं बोलेल म्हणून सगळे थांबले, सवयीने.

“मी,” दादा म्हणाला. “नाना, हिचा नंबर चुकलाय. आणि बिट्टीचं नीट तपासून झालेलं नाही. तुम्ही तेच भिंग दोनदा घातलंत.”

“मी?”

“दांडीवरचे आकडे तुम्हाला आता दिसत नाहीत, नाना. वर्ष झालं. रोज दुकान बंद केल्यावर मी पेटी परत लावून ठेवतो. गिऱ्हाईक मशीनवर तपासून घेतो. घरच्यांना घेता येत नव्हतं.”

नाना उरलेल्या पायऱ्या उतरले. रागावतील असं वाटलं, रागावलेही. पण दादावर नाही. ते धाकटीकडे वळले. “मी माझ्या मनाने नंबर दिला का तुला? दर वर्षी विचारलं. तूच सांगितलंस ना?”

“हो, मीच सांगितलं,” धाकटी म्हणाली. “तुम्हाला आवडेल ते सांगितलं. मला कळायचंच नाही, नाना. कितीतरी वेळा दोन्ही सारखंच दिसायचं. पण सारखं म्हटलं की दादाचं काय होतं ते मी दाराआडून बघत होते. मी दहा वर्षांची होते. मला ठोंब्या व्हायचं नव्हतं.”

दादा चिठ्ठीची घडी घालत होता, उलगडत होता, परत घालत होता.

“मशीनला काय कळतं,” नाना अखेर म्हणाले. पण त्यात जोर नव्हता. “चल. बस खुर्चीत.”

“नाना, आत्ता हे कशाला?”

“बस म्हटलं ना!”

ती बसली. एकोणचाळीस वर्षांची बाई, पण फ्रेम नाकावर टेकली तसे तिचे तळवे ओले झाले. पडद्याशी सगळं घर दाटीवाटीने उभं राहिलं. नानांनी भिंग उचललं, दांडी डोळ्यांपासून हातभर लांब धरली, मग दादापुढे केली. दादाने आकडा वाचून सांगितला. नानांनी भिंग सरकवलं, काढलं, दुसरं सरकवलं.

“पहिलं बरं, की दुसरं?”

‘दुसरं’ जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं होतं. ते तिथे एकोणतीस वर्षं उभंच होतं. धाकटीने दात आवळून ते आत ठेवलं आणि समोर पाहिलं. अक्षरं होती. पण कशी होती?

“परत दाखवा,” ती म्हणाली.

नानांनी दाखवलं.

“परत.”

पुन्हा दाखवलं. चौथ्या वेळी त्यांनी तोच जुना सुस्कारा टाकला, ज्याला दादा भ्यायचा. “अगं, किती वेळ?”

“आजोबा,” पडद्याजवळून बिट्टी म्हणाली, “इथे घंटा कुठे आहे?”

नाना तिच्याकडे वळले. मग भिंग हातातच ठेवून त्यांनी विचारलं, “मी तेच कधी घातलं होतं? कितव्या वेळी?”

बिट्टीने छताकडे पाहिलं. सगळे ताटकळले. धाकटीच्या तोंडातून ‘सांग ना’ निघणार होतं, ते तिने गिळलं.

“एकदा सहाव्या वेळी,” बिट्टी म्हणाली. “आणि एकदा अकराव्या. अकराव्या वेळी तुम्ही शिंकलात.”

नाना खाली बसले, स्वतःच्याच स्टुलावर, जिथे बसून ते दुसऱ्यांना विचारायचे. “तो फॉर्म आण,” ते दादाला म्हणाले. “आणि पेन. आणि मला वाचायचा चष्मा दे कुणाचातरी.”

वहिनीने काउंटरवरचा एक तयार चष्मा पुढे केला. नानांनी तो नाकावर चढवला, ‘अनिश्चित’वरची खूण एका रेघेने खोडली, आणि बाकीच्या दोन चौकोनांवर पेन फिरवत राहिले. दोन्हींत खूण केली नाही. चौकोनांखाली मोकळी जागा होती, तिथे त्यांनी सावकाश, नीट अक्षरात लिहिलं:

‘सारखं असेल तर सारखं म्हणते.’

“खाडाखोडीपाशी सही लागते,” नवरा म्हणाला.

“ठाऊक आहे मला,” नाना खेकसले, आणि सही केली. एक त्यांनी केली, आणि पेन दादापुढे धरलं. दादाने त्या पेनाकडे पाहिलं, जिन्याकडे नाही, आणि खाली आपली केली.

शिक्का बसला. नाना उठले, चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून. पेटीतून भिंग घेतलं, या वेळी दांडीवरचा आकडा स्वतः वाचला.

“हं. कुठे होतो आपण?”

“पहिलं की दुसरं,” धाकटी म्हणाली.

“मग?”

तिने पाहिलं. खालच्या ओळीतल्या मुंग्या हलत नव्हत्या. तिला कुणीही घाई करत नव्हतं, आणि त्यामुळेच तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हे खरंच सांगता येत नाहीये.

“माहीत नाही, नाना,” ती म्हणाली. हे वाक्य तिने या खुर्चीत कधी उच्चारलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिचे खांदे आपोआप वर गेले, मान आत ओढली गेली, आणि ती वाट पाहत राहिली.

“बरं,” नाना म्हणाले. “परत दाखवतो.”